वयस्क राखणदार कुत्र्यांचे दत्तकविधान: पार्श्वभूमी

ग्वाल्हेरजवळच्या टेकनपूरला १९७० पासून सीमा सुरक्षा दलाचे श्वान प्रशिक्षण केंद्र आहे, त्यामुळे ग्वाल्हेरकरांना शिकवलेली मोठी कुत्री नवी नाहीत. फाटकाशी साखळीने बांधलेला रॉटवायलर किंवा मास्टिफ मात्र अलीकडचा. एप्रिल २०१६ मध्ये व्यापारी ब्रीडिंगसाठी परदेशी कुत्री आणणे बंद झाले. हौस बंद झाली नाही. पुढच्या वर्षीच्या नियमांनी ब्रीडरना नोंदणी सक्तीची केली, तरी घरगुती विक्री चालूच राहिली. त्या काळातली आणि टाळेबंदीतली पिल्ले आता वयस्क झाली आहेत. ५० किलोचा कुत्रा सहाव्या-सातव्या वर्षीच म्हातारपणाकडे झुकतो, आणि पुष्कळदा तेव्हाच त्याला सोडून दिले जाते. प्राण्यांच्या छळाविरुद्धच्या १९६० च्या कायद्याने हा गुन्हा आहे. पहिल्या वेळचा दंड १० ते ५० रुपये!

त्यात आले केंद्र सरकारचे १२ मार्च २०२४ चे पत्र. धोकादायक जातींबद्दलच्या निवेदनावर तीन महिन्यांत निर्णय घ्या, असे दिल्लीच्या उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये सांगितले होते. त्यानंतर केंद्राने राज्यांना कळवले: २३ जातींची आयात, पैदास, विक्री थांबवा आणि घरी असलेल्यांची नसबंदी करा. यादीत ताळमेळ नव्हता. ‘मास्टिफ’ आणि ‘टेरियर’ हे अख्खे गट एकेक जात म्हणून मोजलेले, तोसा ही जपानी जात दोनदा आलेली. कांगल, अकबाश ही मेंढ्या राखणारी कुत्री झुंजीच्या कुत्र्यांच्या पंगतीत. जर्मन शेफर्डचे मात्र नाव नाही.

नसबंदीची सक्ती सगळ्यात जड गेली असती ती वयस्क कुत्र्यांना. आठ वर्षांच्या मास्टिफला भूल द्यायची तर आधी मूत्रपिंड-यकृताची रक्ततपासणी आणि हृदयाची तपासणी हवी. दोष निघाला तर शस्त्रक्रिया टाळणेच शहाणपणाचे. मादीचे थोडे वेगळे. नसबंदी न झालेल्या म्हाताऱ्या मादीच्या गर्भाशयात पू होण्याचा धोका खरा असतो, तिथे शस्त्रक्रिया जीव वाचवते. हा विचार एकेका कुत्र्याला तपासून डॉक्टरांनी करायचा. सरसकट हुकूम काढणे चूकच होते. ज्यांच्यावर परिणाम होणार त्यांचे ऐकूनच घेतले नाही, या मुद्द्यावर १० एप्रिलला कर्नाटकात आणि १६ एप्रिलला दिल्लीत ते पत्र न्यायालयांनी रद्द केले. धास्ती मात्र उरली. म्हणून लक्षात ठेवावे: प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे सोसायटीला जात किंवा आकार पाहून पाळीव कुत्र्याला मनाई करता येत नाही.

आता असा कुत्रा दत्तक घेताना काय पाहावे ते. वर्षानुवर्षे साखळीला राहिलेल्या कुत्र्याच्या मागच्या पायांचे स्नायू झडलेले असतात, कोपरांवर घट्टे असतात, आणि गोचीड-ताप अंगात मुरलेला असू शकतो. ‘चिडका’ म्हणून सोडलेला कुत्रा पुष्कळदा सांधेदुखीने चिडलेला असतो. म्हणून आधी रक्त आणि खुब्याचा एक्स-रे, मगच स्वभावाची पारख. माणसांच्या वेदनाशामक गोळ्या देऊ नयेत. आयब्युप्रोफेनने जठरात रक्तस्राव होतो, मूत्रपिंडे निकामी होतात. जुने खाणे सात ते दहा दिवसांत हळूहळू बदलावे. दिवसाचे खाणे दोन-तीन वेळांत विभागावे आणि त्यानंतर तासभर तरी पळापळ नको: खोल छातीच्या या कुत्र्यांचे जठर फुगून त्याला पीळ पडू शकतो. पोट टम्म आणि नुसत्याच कोरड्या उलट्या दिसल्या तर तडक डॉक्टर गाठावा. लठ्ठ असेल तर आठवड्याला वजनाच्या एक-दोन टक्क्यांहून जास्त उतरवू नये. गुळगुळीत फरशीवर रबरी मॅट अंथरावी, नाहीतर घसरण्याच्या भीतीने तो उठायचेच टाळतो.

मे महिन्यात फिरणे सकाळी सहाच्या आत, तेही पाच-दहा मिनिटांचे. लू म्हणजे उन्हाळ्यातला कोरडा, तापलेला वारा; त्यात कूलर चांगला चालतो. जुलैच्या दमट हवेत कूलरचा उपयोग होत नाही. तेव्हा पंखा आणि थंड फरशी हवी, आणि तरीही धाप थांबत नसेल तर एसी.