चारकोलचे चित्र फरकटू नये म्हणून
नव्याने चारकोल वापरणाऱ्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

चारकोलबरोबर फिक्सेटिव्हचा, म्हणजे पूड कागदावर धरून ठेवणाऱ्या फवाऱ्याचा, कॅनही घ्यावा का, असे बरेच जण विचारतात. जरूर घ्या. पण चित्र फरकटते ते बहुधा काढता काढताच, फवारा मारायची वेळ येण्याआधी. म्हणून या पत्रकात फिक्सेटिव्ह शेवटी ठेवले आहे.

शाई किंवा जलरंग कागदात मुरतो, चारकोल मुरत नाही. त्याची पूड कागदाच्या खरखरीत पृष्ठभागावर नुसती अडकून बसते. खाचा भरल्या की वरची पूड सुटीच राहते, आणि तळहात, बाही, वरचा कागद, जे टेकेल त्याच्याबरोबर सरकते.

कांडी आणि कागद

विलो चारकोल म्हणजे हवा न लागू देता भाजलेल्या विलो झाडाच्या काटक्या. त्यात चिकटवणारे काहीच नसते, त्यामुळे कोरड्या फडक्याने झटकला तरी बराचसा निघून जातो. कॉम्प्रेस्ड चारकोलच्या पुडीत बाइंडर (चिकटवणारा पदार्थ) घालून ती दाबलेली असते. तो जास्त काळा उठतो आणि कागदाला धरून राहतो, पण पूर्ण खोडला जात नाही. बहुतेक चारकोल पेन्सिलींत हाच असतो. तेव्हा आराखडा आणि पहिल्या छटा विलोने करा, कॉम्प्रेस्ड अगदी शेवटी, सर्वांत गडद जागांपुरता. नवशिके नेमके उलटे करतात आणि पहिल्याच अर्ध्या तासात चित्रभर न खोडता येणारा काळा पसरतो. आराखडा गडद शिसपेन्सिलीनेही काढू नका. ग्रॅफाइटच्या गुळगुळीत रेघेवरून चारकोल घसरतो.

झेरॉक्सचा कागद सरावालाही नको, तो फार गुळगुळीत असतो. 120 ते 160 जीएसएमचा (दर चौरस मीटरला इतके ग्रॅम वजनाचा) खरखरीत कार्ट्रिज पेपर, म्हणजे चित्रकलेचा जाडसर कागद, किंवा चारकोल पेपर घ्या. पुष्कळ कागदांच्या दोन बाजू सारख्या नसतात. कोपऱ्यात बोट फिरवून पाहा (मधोमध नको, का ते पुढे येईल) आणि जास्त खरखरीत बाजू वर ठेवा. कागदाखाली दोन-तीन कोरे कागद घाला, नाहीतर बोर्डाचे ओरखडे छटेत उमटतात. चारही कडांना सेंटीमीटरभर मास्किंग टेप लावली की धरायला स्वच्छ किनार राहते.

बोर्ड उभा, हात अधांतरी

टेबलावर आडव्या ठेवलेल्या कागदावर पूडही साचते आणि तळहातही टेकतो. बोर्ड ईझलवर जवळजवळ उभा ठेवा. खालच्या कडेला कागदाची पट्टी दुमडून पन्हळीसारखी चिकटवा, झडलेली पूड तिच्यात पडते. पूड फुंकू नका. थुंकीचा बारीक थेंब उडाला तरी तिथे गडद ठिपका पडतो आणि तो निघत नाही. बोर्ड उचलून पाठीमागून टिचकी मारा, तेवढे पुरते.

कांडी मागून धरा आणि रेघ कोपरातून, खांद्यातून ओढा. बारीक कामाला आधार हवाच असेल तर करंगळीचे नख टेकवा, कातडी नको. उजव्या हाताने काढणाऱ्यांनी वरच्या डाव्या कोपऱ्यातून सुरुवात करावी, डावखुऱ्यांनी वरच्या उजव्या. अर्थात छटा सगळीकडे मिळून वाढवायच्या तर हा क्रम शेवटपर्यंत टिकत नाही. मग हाताखाली ग्लासिन (पातळ, गुळगुळीत कागद) किंवा बटर पेपर ठेवा. तो ठेवायचा आणि उचलायचा, सरकवायचा नाही. खालची बाजू काळी झाली की बदला.

बोटाने घासण्याबद्दल

हा मोह सर्वांना होतो. त्वचेवरचे तेल पुडीत मिसळते आणि तिथे खोडरबरालाही दाद न देणारा तेलकट डाग बसतो. हात नुकतेच धुतलेले असले तरी थोड्याच वेळात तेल परत येते. कोऱ्या कागदाला बोट लागले तर ते आधी दिसत नाही, नंतर छटा दिली की ठसा काळा होऊन वर येतो.

छटा मिसळायला पेपर स्टंप (कागद घट्ट गुंडाळून केलेली टोकदार कांडी), शॅमॉय (मऊ चामड्याचे फडके) किंवा मऊ कोरडा ब्रश वापरा. फिक्या आणि गडद छटांसाठी स्टंप वेगवेगळे ठेवा, मळले की टोक सँडपेपरवर घासून घ्या. आणि थांबायचे कुठे ते ओळखा: फार घासले की खाचा पुडीने गच्च भरतात, सगळीकडे एकच राखाडी रंग होतो आणि त्यावर नवा काळा चढत नाही. तसे झाले तर निडेबल इरेजर (कणकेसारखे मळता येणारे खोडरबर) हलके दाबून पूड उचला, मग पुन्हा छटा द्या.

फरकटलेच तर आधी मऊ ब्रशने सुटी पूड झटका. मग निडेबल इरेजर दाबा आणि उचला, दर वेळी मळून स्वच्छ भाग वर आणा. घासलात तर डाग कागदात आणखी खोल बसतो. उरलेल्या कडक रेघांसाठी विनाइल खोडरबराची कापलेली धारदार कड वापरा.

फिक्सेटिव्ह

फिक्सेटिव्ह म्हणजे चटकन उडून जाणाऱ्या द्रावकात विरघळलेले रेझिन (राळेसारखा चिकट पदार्थ). आधी सुटी पूड झाडा, खोडायचे ते खोडून घ्या, कारण नंतर खोडणे अवघड जाते. कॅन 30 ते 40 सेंटीमीटरवर धरा. फवारा कागदाच्या बाहेर सुरू करून आडवा नेत बाहेरच संपवा. थर इतका हलका हवा की कागद ओला दिसू नये. 10-15 मिनिटे वाळू द्या, दुसरा थर उभा मारा. दोन-तीन थर पुरतात. जवळून मारल्यास थेंब साचतात, पूड वाहते आणि ठिपके पडतात. छटा थोड्या गडद होतात, पांढरा खडू तर बराच मंदावतो, म्हणून उजेडाच्या पांढऱ्या जागा फवाऱ्यानंतर द्या. आधी रद्दी तुकड्यावर पाहून घ्या. काम उघड्यावर किंवा खिडक्या उघडून करा, जवळ ज्योत नको. हेअरस्प्रे आम्ही सुचवत नाही, तो कालांतराने पिवळा पडू शकतो.

फिक्सेटिव्ह मारलेले चित्रही जोरात घासले तर फरकटते. ते गुंडाळू नका. वर ग्लासिन ठेवून फक्त वरच्या कडेला चिकटवा आणि सपाट ठेवा. फ्रेम करताना माउंट (चित्राभोवतीची जाड पुठ्ठ्याची चौकट) लावून घ्या, म्हणजे काच चित्राला टेकणार नाही. काचेऐवजी अ‍ॅक्रिलिक घालू नका: त्यावर स्थिर वीज साचते आणि चित्रातली पूड त्याच्याकडे ओढली जाते.