लाल आमिष दहा मीटरवर काळं का पडतं

खोल समुद्रात गरवणाऱ्या माणसाची पेटी उघडली की एकाच मापाची आठ-दहा बनावट आमिषं निघतात, फरक काय तो रंगाचा. त्यातलं पाण्यात जातं दोन-तीनच. ही निवड बहुतेक वेळा गेल्या खेपेला मासा कशावर लागला होता या आठवणीवर होते. पण रंगाचा प्रश्न खरं तर दोन भागांत आहे. तो रंग पाण्यात उरतो का, आणि उरला तर माशाला तो दिसतो का? पहिल्याचं उत्तर भौतिकशास्त्राने दिलं, दुसऱ्याचं प्राणिशास्त्राने. दर्यावर्दी मात्र दोघांच्याही कितीतरी आधीपासून रंग निवडत होते.

याचा जुना आणि चांगला दाखला हवाई बेटांवर मिळतो. तिथले मूळ रहिवासी ‘अकू’ पकडायचे. अकू म्हणजे स्किपजॅक, आपल्या कुपाच्या कुळातला. त्यासाठीच्या आमिषाला ते ‘पा’ म्हणत. मोत्याच्या शिंपल्याची बोटाएवढी पट्टी घासून तयार करायची, तिच्या पोटाला हाडाचा गळ बांधायचा आणि बुडाशी डुकराच्या राठ केसांचा झुपका लावायचा. केसांमुळे पट्टी पाण्यात उलटी होत नाही. गळाला उलटा काटा नसे. बांबूच्या काठीने मासा झटक्यात उचलून होडीत घेतला की दोरी सैल पडायची आणि मासा आपोआप सुटून तळाशी पडायचा. हात लावून सोडवण्यात वेळ गेला तर थवा निघून जातो. आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी की एका कोळ्याकडे अशा अनेक पट्ट्या असत. कुठली पिवळसर, कुठली हिरवट झाक असलेली, कुठली काळपट. शिंपल्याला रंग देता येत नव्हता, म्हणून शिंपलेच वेगवेगळ्या झाकेचे निवडायचे आणि त्या दिवशीच्या उजेडात कुठली पट्टी चालते ते पाहून ती लावायची. ‘हा रंग चांगला’ असा हिशेब नव्हता, ‘या उजेडाला हा’ असा होता.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून करमणुकीची मासेमारी वाढली. कॅलिफोर्नियाच्या कॅटालिना बेटावर चार्ल्स फ्रेडरिक होल्डर यांनी 1898 मध्ये 183 पौंडांचा ब्लूफिन ट्युना काठी-रिळावर काढला आणि त्याच वर्षी तिथे ट्युना क्लब उभा राहिला. पुढच्या काळात पिसांची आमिषं आली, शिशाचं डोकं असलेला सीडर लाकडाचा ठोकळाही आला. हा ठोकळा आजही ट्युनासाठी वापरतात, आणि पुष्कळ जण तो मुद्दाम बिनरंगी ठेवतात. रंगाबद्दल फार ठाम बोलणाऱ्याला हा ठोकळा दाखवावा.

हवाईच्या कोना किनाऱ्यावर दुसऱ्या महायुद्धानंतर मोठ्या मार्लिन माशांसाठी नव्या तऱ्हेची आमिषं बनू लागली. क्रोमचा मुलामा असलेल्या नळीचा तिरका कापलेला तुकडा किंवा साच्यात ओतलेलं रेझिन हे डोकं, आणि मागे रबराच्या पट्ट्यांचा झगा. हेन्री ची आणि जॉर्ज पार्कर या कप्तानांची नावं या घडणीशी जोडली जातात. पार्कर यांनी 1954 मध्ये 1,002 पौंडांचा ब्लू मार्लिन काढला, तेव्हा या आमिषांकडे सगळ्यांचं लक्ष गेलं. झगा कापायचा तो टायरच्या ट्यूबमधून, म्हणजे रंग काळा किंवा लाल. एखाद्या रंगाची ख्याती हाताशी काय माल होता यावरूनही ठरते, हे अशा वेळी कळतं. पुढे व्हिनाइलचे झगे आले आणि रंगांना धरबंध राहिला नाही.

त्यात भर पडली झळकत्या रंगांची. बॉब आणि जो स्विट्झर या अमेरिकी भावांनी 1930 च्या दशकात फ्लुओरेसंट रंग विकसित केले, तेच पुढे डे-ग्लो नावाने विकले गेले. हे रंग निळा, जांभळा, अतिनील असा आखूड लहरींचा उजेड शोषून घेतात आणि लांब लहरींचा बाहेर टाकतात. त्यामुळे पाण्यात साधा नारिंगी मेला तरी फ्लुओरेसंट नारिंगी जिवंत दिसतो. जिवंत दिसतो तो माणसाला. माशाचं पुढे येईलच.

आता पाणी. पाण्याची पारदर्शकता मोजण्याची सोपी रीत इटालियन पाद्री-खगोलशास्त्रज्ञ अँजेलो सेक्की यांनी 1865 मध्ये पोपच्या जहाजावरून वापरली. पांढरी तबकडी दोरीने खाली सोडायची आणि ती दिसेनाशी होते ती खोली नोंदवायची. समुद्र निळा का, याचा उलगडा होण्यात मुंबई बंदराचं नाव आहे. चंद्रशेखर व्यंकट रामन 1921 मध्ये ‘नारकुंडा’ जहाजाने इंग्लंडहून परतत होते. भूमध्य समुद्राचा निळा रंग हे नुसतं आकाशाचं प्रतिबिंब आहे हे त्यांना पटेना. निकोल प्रिझमने पृष्ठभागावरची चकाकी कापून पाहिलं तरी निळाई टिकली. पाण्याचे रेणूच उजेड विखुरतात, हे सांगणारं त्यांचं टिपण मुंबई बंदरातून ‘नेचर’ नियतकालिकाकडे गेलं. 1930 च्या दशकात अमेरिकी निसर्गतज्ज्ञ विल्यम बीब बर्म्युडाजवळ पोलादी गोळ्यात बसून खाली उतरले, तेव्हा लाल, मग नारिंगी, मग पिवळा असे रंग एकेक करून गेलेले त्यांनी स्वतः पाहिले.

हिशेबच मांडायचा तर अगदी शुद्ध पाण्यात 10 मीटर अंतर कापल्यावर 650 नॅनोमीटरचा लाल उजेड साधारण 3 टक्के उरतो, 600 चा नारिंगी 11 टक्क्यांच्या आसपास, 550 चा हिरवा निम्म्याहून थोडा जास्त, आणि 475 चा निळा जवळपास 90 टक्के. हे अंतर नुसत्या खोलीचं नाही, आणि इथेच बहुतेकांचा हिशेब चुकतो. उजेड आधी वरून आमिषापर्यंत येतो, मग आमिषावरून माशाच्या डोळ्यापर्यंत जातो. आमिष 2 मीटर खोल आणि मासा 8 मीटर दूर असेल, तरी प्रवास 10 मीटरचाच झाला. म्हणून पृष्ठभागाजवळ ओढलेलं लाल आमिषसुद्धा लांबच्या माशाला काळपट दिसतं. जवळ आल्यावर कुठे त्याला लाली चढते. वीस वाव खाली सोडलेला लाल जिग (दोरीने खाली-वर झटकायचं जड आमिष) म्हणजे तर सरळ काळा जिग. त्यावर मासा लागत नाही असं नाही. लागतो, पण काळा म्हणून लागतो.

हे झालं निळ्या पाण्याचं. स्वीडनचे समुद्रशास्त्रज्ञ निल्स येर्लोव्ह यांनी 1947-48 च्या ‘आल्बाट्रॉस’ मोहिमेतल्या मोजमापांनंतर समुद्राच्या पाण्याचे उजेडानुसार प्रकार पाडले. खुल्या समुद्राचे काही, किनाऱ्याचे काही. किनाऱ्याच्या पाण्यात शेवाळ आणि कुजलेल्या पाल्यातून विरघळणारी पिवळी द्रव्यं असतात, ती निळा उजेड आधी गिळतात. मग सर्वांत खोल पोचतो तो हिरवा, आणि अगदी गढूळ पाण्यात पिवळसर हिरवा. कोकणात गरवणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको: उधाणाला गाळ ढवळून पाणी चहासारखं होतं, भांगाला निवळतं. त्यामुळे लक्षद्वीपच्या निळ्या पाण्यात चाललेलं निळं-चंदेरी आमिष मालवणच्या हिरव्या पाण्यात नुसतं राखाडी दिसतं, तिथे पोपटी जास्त उठून दिसतो. आमिष तेच असतं, त्यावर पडणारा उजेड बदललेला असतो.

माशाच्या डोळ्याचा वाद याहून चुरशीचा झाला. जर्मन नेत्रतज्ज्ञ कार्ल फॉन हेस म्हणत, मासे रंगांधळे असतात. पहिल्या महायुद्धाच्या आधीच्या वर्षांत तरुण कार्ल फॉन फ्रिश यांनी छोट्या माशांना खाण्याचं आमिष दाखवून एखादा रंग ओळखायला शिकवलं आणि तितक्याच उजळ राखाडी छटांमधून ते मासे तो रंग निवडतात हे दाखवून हेस यांना खोटं पाडलं. पण ते मासे उथळ गोड्या पाण्यातले. त्यावरून ‘मासे रंग बघतात’ हे वाक्य सगळ्या समुद्राला लावलं गेलं, आणि आमिष विकणाऱ्यांना आणखी काय हवं होतं?

खुल्या समुद्रातल्या शिकारी माशांचं चित्र निराळं निघालं. पिवळ्या पंखांच्या ट्युनाच्या डोळ्यातल्या रंगद्रव्यांची मोजणी 2002 मध्ये प्रसिद्ध झाली. वाढलेल्या माशात शंकुपेशींचे, म्हणजे रंग टिपणाऱ्या पेशींचे, ठळक गट दोनच, एक 426 नॅनोमीटरच्या आसपास म्हणजे जांभळ्याकडचा आणि दुसरा 485 च्या आसपास म्हणजे निळ्या-हिरव्याचा. लाल-नारिंगीसाठी वेगळा गटच नाही. म्हणजे आपल्याला भडक दिसणारा फ्लुओरेसंट नारिंगी ट्युनाला फिकट उजळ किंवा मळका दिसत असणार, नारिंगी नव्हे. पोपटी-पिवळा, ज्याला दुकानात चार्ट्रूज म्हणतात, तो त्याच्या डोळ्याच्या टप्प्याला अधिक जवळ आहे.

मंझ आणि मॅकफार्लंड या दोन शास्त्रज्ञांनी 1970 च्या दशकात याच्याही पलीकडचं सांगितलं. काही रंगद्रव्यं पाण्याच्या पार्श्वभूमीच्या रंगाशी जुळलेली असतात, त्यांच्यामुळे उजळ पाण्यासमोरची काळी आकृती ठळक दिसते. काही मुद्दाम बाजूला सरकलेली असतात, त्यांच्यामुळे वरून उजेड पडलेली चमकदार बाजू पार्श्वभूमीपासून सुटी दिसते. थोडक्यात, माशाचा डोळा रंग ओळखण्यापेक्षा फरक ओळखण्यासाठी घडलेला आहे. स्वोर्डफिशची गोष्ट तर आणखी न्यारी. फ्रान्सिस केरी यांनी 1982 मध्ये दाखवलं की त्याच्या डोळ्याजवळचा एक स्नायू मेंदू आणि डोळा तापवतो. डोळा भोवतालच्या पाण्याहून 10 ते 15 अंशांनी उबदार राहतो, त्यामुळे थंड, अंधाऱ्या पाण्यातही त्याला भराभर होणारी हालचाल टिपता येते. अशा माशापुढे रंगछटेचा काथ्याकूट करण्यापेक्षा आमिष किती आणि कसं हलतं ते पाहावं.

गंमत आहे ती माकुलाची. जपानमध्ये माकुल पकडायला ‘एगी’ नावाचं कोळंबीच्या आकाराचं आमिष वापरतात. वर गुलाबी, नारिंगी किंवा हिरवट कापड, आत चकाकती पट्टी. ऊन असेल तर इंद्रधनुषी पट्टी, गढूळ पाण्याला सोनेरी, सकाळ-संध्याकाळी लाल, असे नियम तिथला प्रत्येक जण सांगेल. पण जवळजवळ सगळ्या माकुलांच्या डोळ्यात एकच रंगद्रव्य असतं. तीन असलेली होतारुइका ही तोयामाच्या आखातात दिसणारी जात अपवाद. मग नियम खोटे का? नाहीत. सोनेरी पट्टी गढूळ पाण्यात खरोखर जास्त उजेड परतवते, आणि लाल पट्टी अंधुक उजेडात गडद आकृती देते. नियम बरोबर आहेत, कारणं चुकीची सांगितली जातात, इतकंच.

हे सगळं होडीवर कसं उतरतं? ट्रोलिंगमध्ये, म्हणजे चालत्या होडीमागे आमिष ओढताना, मासा बहुधा खालून वर बघतो. आकाश उजळ, त्यापुढे आमिष काळं. पहाटे, संध्याकाळी किंवा ढगाळ दिवशी काळं-जांभळं आमिष चालतं ते म्हणूनच, त्याची कड धारदार दिसते. पारदर्शक झगा त्या वेळी विरघळून जातो. ऊन वर आलं की बाजूने बघणाऱ्या माशासाठी चंदेरी आणि निळ्या-पांढऱ्याची वेळ. चार दोऱ्या सोडायच्या असतील तर एक गडद, एक चंदेरी, एक पोपटी, आणि चौथी त्या भागात त्या दिवशी दिसणाऱ्या चाऱ्याच्या रंगाची, मग तो बांगडा असो की तारली. सुरमईसाठी लोकप्रिय असलेलं लाल डोकं-पांढरं अंग याच तर्कात बसतं: डोकं गडद, अंग उजळ, म्हणजे फरक आमिषाच्या अंगावरच आहे, पाणी कसलंही असो.

खोल जिगिंगला रंगापेक्षा चमकणारी पट्टी उपयोगी. जुने जस्त-सल्फाइडचे चमकते रंग काही मिनिटांत मंदावत. जपानच्या नेमोटो कंपनीने 1993 मध्ये स्ट्रॉन्शियम अॅल्युमिनेटवर आधारलेलं द्रव्य आणलं, ते कितीतरी पट उजळ आणि तासन् तास टिकणारं होतं. जिगवरचे हिरवट पट्टे त्याचेच. अतिनील टॉर्चने अर्धा मिनिट उजेड दिला की पुरतं. भर दुपारी उथळ पाण्यात मात्र त्याचा उपयोग शून्य.

एखादा रंग खरंच चालतो का हे तपासायचं असेल तर नेहमीची पद्धत कामाची नाही. आवडतं आमिष दिवसभर पाण्यात आणि बाकीची पेटीत, म्हटल्यावर मासा आवडत्यावरच लागणार. एकाच मापाची, एकाच घडणीची दोन आमिषं डाव्या-उजव्या दोरीला सारख्या अंतरावर सोडायची, दर अर्ध्या तासाने बाजू बदलायची आणि मासा कशावर लागला ते लिहायचं. दहापैकी सात वेळा एका रंगावर लागला तरी हुरळून जाऊ नये. नाणं दहा वेळा उडवलं तरी सहा खेपांत एकदा सात किंवा जास्त छापे पडतात.

आणि रंग बिघडतो तो माशापेक्षा पेटीतच जास्त. गडद आणि फिके व्हिनाइल झगे एकत्र ठेवले की गडदाचा रंग फिक्यात उतरतो, तो निघत नाही. मऊ प्लॅस्टिक कडक आमिषाला चिकटून राहिलं तर रंगाचा थर विरघळतो. गळाचा गंज झग्यावर तपकिरी डाग पाडतो. फ्लुओरेसंट रंग उन्हात झपाट्याने विटतात, म्हणून होडीच्या कठड्यावर दिवसभर टांगलेली आमिषं एका हंगामात फिकी पडतात. सुरमईच्या दातांनी उडालेल्या टवक्यांची मात्र फिकीर करू नये, त्यांनी आमिषाची कड बदलत नाही. गोड्या पाण्याने धुवायचं, सावलीत पूर्ण वाळवायचं, आणि प्रत्येक झगा वेगळ्या पिशवीत ठेवायचा.