इक्लिप्सचा वारसा आणि एक अनामिक घोडी

१ एप्रिल १७६४ रोजी इंग्लंडमध्ये कंकणाकृती सूर्यग्रहण दिसलं. त्याच दिवशी विंडसरच्या शाही उपवनात कम्बरलँडच्या ड्यूकच्या तबेल्यात एक तांबूस शिंगरू जन्माला आलं. कपाळापासून नाकापर्यंत पांढरा पट्टा, मागचा उजवा पाय पांढरा. ग्रहणावरूनच त्याचं नाव ठेवलं गेलं, इक्लिप्स. पुढच्याच वर्षी ड्यूक वारला, त्याचे घोडे विक्रीला निघाले आणि विल्यम वाइल्डमन नावाच्या गुरांच्या व्यापाऱ्याने हे शिंगरू घेतलं.

वाइल्डमनने घाई केली नाही. इक्लिप्स पहिल्यांदा पळाला तो पाच वर्षांचा झाल्यावर, ३ मे १७६९ रोजी, एप्समच्या मैदानावर. तेव्हाच्या अनेक शर्यती चार-चार मैलांच्या फेऱ्यांच्या असत आणि घोड्याला एकाच दिवशी अशा एकाहून अधिक फेऱ्या धावाव्या लागत. पहिली फेरी झाल्यावर डेनिस ओकेली या आयरिश जुगाऱ्याने दुसऱ्या फेरीचा निकाल आधीच सांगून पैज लावली: इक्लिप्स पहिला, बाकीचे कुठेच नाहीत. विजेत्याच्या २४० यार्डांहून मागे राहिलेल्या घोड्याला क्रमांकच मिळत नसे. ओकेली पैज जिंकला आणि पुढे त्याने घोडाही विकत घेतला. इक्लिप्स १८ शर्यतींत उतरला आणि एकदाही हरला नाही. कित्येकदा तर त्याच्यासमोर घोडा उतरवायलाच कुणी धजत नसे. १७७० नंतर त्याला पैदाशीसाठी ठेवण्यात आलं.

फेब्रुवारी १७८९मध्ये पोटशुळाने तो मेला, तेव्हा शार्ल व्हियाल द सँबेल या फ्रेंच पशुवैद्याने त्याचं शवविच्छेदन केलं आणि हाडन् हाड मोजून काढलं. इंग्लंडमध्ये तोवर पशुवैद्यकाचं एकही महाविद्यालय नव्हतं. १७९१मध्ये लंडनला ते सुरू झालं आणि सँबेल तिथला पहिला प्राध्यापक झाला. महाविद्यालयासाठी प्रयत्न आधीपासून चालू होते, पण इक्लिप्सच्या अभ्यासाने सँबेलचं नाव झालं हे नक्की. आजच्या रॉयल व्हेटरनरी कॉलेजात इक्लिप्सचा सांगाडा जपलेला आहे.

त्याच्या हृदयाचं वजन १४ पौंड, म्हणजे सव्वासहा किलोच्या आसपास भरलं, असं सांगतात. सर्वसाधारण थरोब्रेडचं, म्हणजे शर्यतीसाठी इंग्लंडमध्ये घडवलेल्या जातीच्या घोड्याचं, हृदय चार-साडेचार किलोचं असतं. शर्यतीच्या घोड्याला हृदयाचा आकार का महत्त्वाचा, हे त्याच्या शरीराचं काम पाहिलं की कळतं. उभ्या घोड्याच्या हृदयाचे मिनिटाला ३० ते ४० ठोके पडतात. भरधाव पळताना तेच ठोके २२०च्या पुढे जातात. ठोके याहून फार वाढवता येत नाहीत. मग जास्त रक्त पुरवायचं तर एकेका ठोक्यात जास्त ढकलायला हवं, म्हणजे पंपच मोठा हवा. शिवाय घोड्याची प्लीहा ही तांबड्या पेशींचं कोठार असते. धाव सुरू होताच ती आकुंचन पावते आणि साठवलेल्या पेशी रक्तात सोडते. विश्रांतीच्या वेळी रक्तातला जेमतेम ४० टक्के भाग पेशींचा असतो, तो ६० टक्क्यांच्या पुढे जातो. पळताना श्वासही पावलांशी बांधलेला असतो, एका ढांगेला एक श्वास.

हाडांत मात्र अचाट असं काही सापडलं नाही. अलीकडे संशोधकांनी इक्लिप्सच्या पायांची हाडं आजच्या घोड्यांच्या हाडांशी ताडून पाहिली, तर ती ठेवणीने अगदी मधोमध बसणारी निघाली. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. अजिंक्य ठरलेल्या या घोड्याच्या पायांतलं एकही हाड विचित्र नव्हतं. सगळी एकमेकांशी जुळलेली होती.

आता वारशाकडे येऊ. जगातल्या सुमारे ९५ टक्के थरोब्रेड नरांची पितृवंशाची रेघ १७०४मध्ये अलेप्पोहून इंग्लंडला आणलेल्या डार्ली अरेबियन या एकाच घोड्यापर्यंत पोचते, आणि ती जवळजवळ सगळी इक्लिप्समधून जाते. महालक्ष्मीच्या आणि पुण्याच्या रेसकोर्सवर धावणारे थरोब्रेडही याच जातीचे. स्टड बुकवाल्यांनी, म्हणजे जातीच्या वंशावळीची नोंद ठेवणाऱ्यांनी, हा आकडा अभिमानाने मिरवला आहे. पण ही रेघ फक्त वाय गुणसूत्राची आहे. ते बापाकडून मुलाकडे आडनावासारखं जातं, त्यावर जनुकं मोजकीच आणि तीही मुख्यतः नरपणाशी आणि शुक्राणूंशी निगडित. ९५ टक्के हा आकडा वेगाबद्दल जवळपास काहीच सांगत नाही.

वेगाबद्दल सांगणारा पुरावा भलतीकडेच मिळाला. मायोस्टॅटिन हे प्रथिन स्नायूंच्या वाढीला लगाम घालतं. त्याच्या जनुकाची सी आणि टी अशी दोन रूपं आहेत. दोन्ही प्रती सी असलेला घोडा कमी अंतरावर झपाट्याने पळतो, दोन्ही टी असलेला लांब पल्ल्यावर टिकतो. २०१२मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात जगभरच्या घोड्यांचे नमुने तपासले गेले. १७६४ ते १९३० या काळात जन्मलेल्या १२ नामवंत घोड्यांच्या अवशेषांचाही त्यात समावेश होता. जुन्या घोड्यांत सी रूप दुर्मीळ निघालं, आणि ते थरोब्रेडांत सुमारे ३०० वर्षांपूर्वी एकदाच शिरलं असावं, तेही बहुधा एका ब्रिटिश गावठी घोडीमार्फत, असा निष्कर्ष निघाला. चार मैलांच्या शर्यतींच्या जमान्यात त्या रूपाला किंमत नव्हती. शर्यती आखूड झाल्या, दोन वर्षांची शिंगरं पळू लागली, तसं ते पसरत गेलं. विसाव्या शतकात निअर्क्टिक आणि त्याचा मुलगा नॉर्दर्न डान्सर यांच्या संततीतून ते जगभर पोचलं. त्या घोडीचं नाव कुणी लिहून ठेवलं नाही.

या जातीची चिंताही इथेच आहे. २००१च्या एका अभ्यासानुसार आजच्या थरोब्रेडांमधली ७८ टक्के जनुकरूपं अवघ्या ३० मूळ पूर्वजांकडून आलेली आहेत. जातीत कृत्रिम रेतनाला बंदी आहे, तरी विमानप्रवासामुळे एकच लोकप्रिय घोडा एका वर्षात दोन-दोनशे माद्यांशी जुळवता येतो. सुमारे १०,००० घोड्यांच्या डीएनएवरून २०२०मध्ये दिसून आलं की गेल्या पाच दशकांत आप्तसंकर, म्हणजे जवळच्या नात्यातली पैदास, वाढतच गेला आहे. त्याने नाजूकपणा वाढतो आणि शर्यतीत कधी उतरूच न शकणारी शिंगरं जास्त निपजतात. अमेरिकेत थरोब्रेडांची नोंदणी करणाऱ्या जॉकी क्लबने त्याच वर्षी एका घोड्याला वर्षाला १४० घोड्या अशी मर्यादा घातली होती. पैदाशीचे घोडे ठेवणाऱ्या मोठ्या स्टड फार्मांनी कोर्टात धाव घेतली आणि २०२२मध्ये ती मागे घेतली गेली. ती पुन्हा यायला हवी असं मला ठामपणे वाटतं, आणि फक्त अमेरिकेत नव्हे.