संस्थेत मूल सुरक्षित राहावे म्हणून: कायद्यामागचा इतिहास

वसतिगृहात, शिबिरात किंवा क्रीडासंस्थेत मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले, तर पोलिसांना कळवणे आज कायद्याने बंधनकारक आहे. ‘आधी आपापसात चौकशी करू, मग बघू’ ही पळवाट कायद्याने ठेवलेली नाही. हे बंधन यायला २०१२ साल उजाडले. त्यामागे गोव्यातल्या आणि मुंबईतल्या मुलांनी जे सोसले ते आहे.

जुन्या कायद्यांना धोका दिसत होता तो संस्थेच्या भिंतीबाहेर. १८५७ साली मुंबईत सुधारगृह निघाले, १९२४ साली मुंबई बाल अधिनियम झाला. चिंता होती ती रस्त्यावरच्या, टाकून दिलेल्या किंवा गुन्ह्यात सापडलेल्या मुलांची, आणि त्यावरचा उपाय म्हणजे संस्था. अनाथालयांसाठी १९६० साली केंद्राचा कायदा आला, त्यातही भर मान्यतापत्र आणि देखरेखीवर होता. मुलांना आसरा देणारा माणूसच त्यांचा छळ करत असेल, हा विचार त्या काळात क्वचितच कुणाच्या मनाला शिवला.

तो करायला मडगावने भाग पाडले. फ्रेडी पीट्स हा माणूस तिथे अनाथालय चालवत होता आणि गावात त्याला समाजसेवक म्हणून मान होता. १९९१ साली त्याला अटक झाली तेव्हा मुलांचे दोन हजारांहून अधिक अश्लील फोटो पोलिसांना सापडले. परदेशातून येणाऱ्या पुरुषांकडे तो मुलांना पाठवत असे. १९९६ साली त्याला जन्मठेप झाली. तेव्हाच्या दंड संहितेत बलात्काराच्या व्याख्येत मुलगा बसतच नव्हता, त्यामुळे मुलग्यांसाठी मुख्य आधार ‘अनैसर्गिक’ संभोगाच्या कलम ३७७चा. ते कलम बालकांसाठी केलेलेच नव्हते.

या प्रकरणाने हादरलेल्या गोव्याने २००३ साली स्वतःचा बालक कायदा केला. मला तो आजही फार धाडसी वाटतो. स्वतंत्र बालन्यायालय आले. फोटो धुऊन देणाऱ्या स्टुडिओवरही जबाबदारी टाकली: फिल्ममध्ये मुलांची अश्लील चित्रे दिसली तर पोलिसांना कळवायचे, नाहीतर तुरुंग. ज्याने गुन्हा केला नाही पण ज्याला दिसला, त्यानेही बोललेच पाहिजे, हे तत्त्व गोव्याने देशाच्या नऊ वर्षे आधी लिहून ठेवले.

मुंबईत १९९६ साली टाटा समाजविज्ञान संस्थेतून १०९८ ही मुलांची हेल्पलाइन सुरू झाली. कुलाब्याच्या ‘अँकरेज’ निवाऱ्यात लैंगिक छळ सोसलेल्या मुलांचे म्हणणे पुढे नेण्यात या चाइल्डलाइनचा मोठा वाटा होता. २००१ साली गुन्हा नोंदला गेला. निवारा चालवणाऱ्या दोन ब्रिटिश नागरिकांना आणि व्यवस्थापकाला २००६ साली शिक्षा झाली, २००८ साली उच्च न्यायालयाने त्यांना सोडले आणि २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा पुन्हा कायम केली. तोवर दहा वर्षे गेली होती. तक्रार करणारी मुले या काळात मोठी होऊन गेली.

मधल्या काळात, २००७ साली, केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाची पाहणी प्रसिद्ध झाली. १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांशी बोलून केलेल्या या पाहणीत ५३ टक्क्यांहून अधिक मुलांनी लैंगिक छळाचा कुठला ना कुठला प्रकार सांगितला, आणि छळणाऱ्यांपैकी सुमारे निम्मे ओळखीचे किंवा मुलाचा ज्यांच्यावर विश्वास आहे असे होते. अनोळखी माणसापासून जपा एवढेच मुलांना शिकवून भागणार नाही, हे त्यानंतर उघड होते.

१४ नोव्हेंबर २०१२ रोजी पॉक्सो, म्हणजे लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणारा कायदा लागू झाला. मुलगा-मुलगी हा भेद त्याने काढून टाकला. शैक्षणिक किंवा धार्मिक संस्थेच्या चालकाने अथवा कर्मचाऱ्याने केलेला गुन्हा तो अधिक गंभीर मानतो. कलम १९ नुसार गुन्हा कळलेल्या प्रत्येकाने कळवायचेच. हाताखालच्या माणसाचा गुन्हा संस्थाप्रमुखाने दडवला तर एक वर्षापर्यंत कैद. राजुऱ्याच्या वसतिगृहातल्या आदिवासी मुलींच्या प्रकरणात २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने बजावले की माहीत असून न कळवणे हा स्वतःच गंभीर गुन्हा आहे. या सक्तीला दुसरी बाजू आहे, आणि ती मी हलकी मानत नाही: पोलीस येतील या भीतीने काही मुले आणि पालक समुपदेशकापाशीही गप्प राहतात. तरीही संस्थेच्या हाती निवड सोपवली की ती आधी आपले नाव वाचवते, हे इतक्या प्रकरणांत दिसले आहे की सक्ती मला योग्यच वाटते. शाळेतल्या लहान मुलींवरच्या अत्याचारानंतर ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरला लोक रेल्वे रुळांवर उतरले, तेव्हा त्यांच्या संतापात गुन्हा नोंदवण्यातल्या दिरंगाईबद्दलचा रागही होता.

२०२० च्या पॉक्सो नियमांनी पुढचे पाऊल टाकले. मुलांशी नियमित संबंध येणाऱ्या प्रत्येक संस्थेने, क्रीडा प्रबोधिनी आणि पाळणाघरेसुद्धा, कर्मचाऱ्यांची ठरावीक काळाने पोलीस पडताळणी करायची आणि बालसंरक्षण धोरण स्वीकारायचे. परंतु नियमातला शब्द ‘कर्मचारी’ आहे. गणेशोत्सव मंडळ, तालीम, बालसंस्कार वर्ग, गिरिभ्रमणाची शिबिरे यांत मुलांना सांभाळतात ते कार्यकर्ते, पगाराविना येणारे दादा, ताई, काका. पडताळणीची सक्ती त्यांच्यापर्यंत स्पष्टपणे पोचत नाही.

ब्रिटनमध्ये हा प्रश्न वेगळ्या वाटेने सुटला. २००२ साली सोहम गावात दोन मुलींचा खून झाला. खुनी शाळेचा केअरटेकर निघाला, आणि त्याच्याविरुद्धच्या जुन्या तक्रारी दुसऱ्या भागातल्या पोलिसांकडे होत्या. हे कसे घडले याच्या चौकशीतून उभ्या राहिलेल्या व्यवस्थेत मुलांसोबत काम करणाऱ्या स्वयंसेवकाचीही नोंद तपासता येते. तिथल्या मराठी शाळांत शनिवार-रविवारी शिकवणाऱ्या पालकांनाही हे लागू होते. आपल्याकडे लैंगिक गुन्हेगारांची राष्ट्रीय नोंदवही २०१८ पासून आहे, मात्र ती फक्त तपास यंत्रणांना पाहता येते. अशा स्थितीत मंडळाच्या हाती उरते ते एवढेच: नव्या कार्यकर्त्याबद्दल तो आधी जिथे होता तिथे फोन करून विचारणे, कुणालाही मुलांसोबत एकटे न ठेवणे, आणि १०९८ हा क्रमांक मुलांना दिसेल अशा जागी लावणे.