झाडावरची लोकर आणि पाण्यातली मेंढी

गडचिरोली-भंडाऱ्याकडच्या जंगलात ऐनाच्या झाडावर टसर या रानटी रेशीमकिड्याचे कोसे लोंबताना पाहिले, की थोरला प्लिनी हा रोमन लेखक कुठे फसला असेल याचा अंदाज येतो. करडा-पिवळट, लहान अंड्याएवढा कोसा चिवट देठाने फांदीला धरून असतो. ठाऊक नसलेल्या माणसाला ते झाडाचं फळच वाटावं.

इ.स. ७७च्या सुमारास प्लिनीने लिहून ठेवलं, की पूर्वेच्या टोकाला ‘सेरेस’ नावाचे लोक राहतात. त्यांच्या रानात लोकर पिकते. पानांवर पाणी घालून ते पांढरी लव विंचरून काढतात आणि तिचं कापड विणतात. कवी व्हर्जिलने शंभर वर्षं आधी हेच म्हटलं होतं.

हसू येतं खरं, पण यातलं पाणी खोटं नाही. कोशाचा धागा डिंकासारख्या प्रथिनाने चिकटलेला असतो. कोसा उकळत्या पाण्यात टाकला की हा डिंक मऊ पडतो, टोक सापडतं आणि तुतीच्या किड्याचा शेकडो मीटरचा अखंड धागा उलगडत जातो. बातमी हातोहात रोमपर्यंत पोचली तोवर पाणी टिकलं, किडा गळून गेला. त्या डिंकाला रसायनशास्त्रात आज ‘सेरिसिन’ म्हणतात, म्हणजे सेरेस लोकांचं नाव तिथे अजून चिकटून आहे.

सेरेस म्हणजे रेशीमवाले, बहुधा चिनी लोक. रेशमासाठी चिनी भाषेत जो शब्द आहे, ‘स’च्या जवळपास उच्चारला जाणारा, त्यावरून हे नाव आलं असावं असं बरेच अभ्यासक मानतात. माणसं कोणी पाहिली नव्हती, माल तेवढा पाहिला होता. तोही इतका, की इ.स. १६मध्ये पुरुषांनी रेशमी वस्त्रं नेसू नयेत असा ठराव रोमच्या सिनेटला करावा लागला. भारत, सेरेस आणि अरबस्तान मिळून दरवर्षी दहा कोटी सेस्टर्स (रोमन नाणी) ओढून नेतात, ही प्लिनीची तक्रार प्रसिद्धच आहे.

हे झालं खुष्कीच्या वाटेने आलेलं नाव. समुद्रावरून दुसरंच आलं. पहिल्या शतकात तांबड्या समुद्रातून भारताकडे येणाऱ्या एका ग्रीक दर्यावर्दीने ‘पेरिप्लस’ ही माहितीपुस्तिका लिहिली. आपलं कल्याण, सोपारा, पैठण आणि तेर तिच्यात आहेत, आणि ‘थिना’ नावाचं दूरचं शहरही. तिथलं रेशीम, सूत आणि कापड बॅक्ट्रियामार्गे (आजच्या उत्तर अफगाणिस्तानाकडून) भडोचला उतरतं, असं तो सांगतो. तिथे पोचणं सोपं नाही, तिकडून क्वचितच कोणी येतं, हेही प्रामाणिकपणे नोंदवतो. थिना, पुढे ‘सिनाय’, आणि संस्कृतमधला ‘चीन’ ही एकाच घराण्यातली नावं. मूळ बहुधा छिन राजघराण्यात आहे. चीनांशुक, म्हणजे चिनी रेशमी वस्त्र, हा शब्द आपल्याकडे त्याच रेशमापायी आला.

इ.स. १५०च्या सुमारास टॉलेमी हा ग्रीक भूगोलतज्ज्ञ नकाशाची आकडेमोड करायला बसला, तेव्हा दोन नावं होती म्हणून त्याने दोन देश मांडले: उत्तरेला सेरिका, दक्षिणेला सिनाय. एका व्यापाऱ्याची माणसं मध्य आशियातल्या ‘दगडी बुरुजा’ या टप्प्यापासून सेरेसच्या राजधानीपर्यंत सात महिन्यांची वाट सांगत होती. टॉलेमीने ते अंतर सरळ निम्मं केलं, व्यापारी फुगवूनच सांगतात म्हणून! किड्याचा पत्ता त्याच शतकात पॉसेनियास या ग्रीक प्रवासी लेखकाला लागला, पण कसा? आठ पायांचा, कोळ्यासारखा. चार वर्षं भरड धान्यावर पोसायचा, पाचव्या वर्षी हिरवा बोरू खाऊ घालायचा, की तो फुटतो आणि पोटात धागा सापडतो.

पलीकडे चिनी लोकही रोमबद्दल ऐकूनच होते. रोमला ते ‘ता-छिन’ म्हणत. इ.स. ९७मध्ये कान यिंग हा दूत तिकडे निघाला आणि पश्चिमेच्या समुद्रकाठापर्यंत पोचला. पार्थियाच्या, म्हणजे तेव्हाच्या इराणी साम्राज्याच्या, खलाशांनी त्याला सांगितलं, की वारा अनुकूल असेल तर तीन महिने, नसेल तर दोन वर्षं. शिवाय समुद्रावर घरची आठवण माणसाला मारते. तो परतला. चिनी रेशमाचा पश्चिमेकडचा व्यापार पार्थियाच्याच हातात होता, तेव्हा हा सल्ला काही फुकटचा नव्हता.

हान काळाच्या चिनी इतिहासात ता-छिनच्या एका तलम कापडाची नोंद आहे: कोणी म्हणतात ते पाण्यातल्या मेंढीच्या लोकरीचं असतं, पण खरं तर ते रानटी किड्यांच्या कोशांपासून करतात. ही ‘मेंढी’ म्हणजे भूमध्य समुद्रातला एक मोठा शिंपला असावा. खडकाला धरून राहण्यासाठी तो सोनेरी तंतू सोडतो, आणि त्या तंतूंचं कापड खरंच विणलं जाई.