मूळ संच आणि गाजलेला संच: हॉल ऑफ फेम नेमका कोणाला मान देतो?

१० एप्रिल २०१४ ला ब्रुकलिनच्या बार्कलेज सेंटरमध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमचा, म्हणजे रॉक संगीतातल्या नामवंतांना मान देणाऱ्या अमेरिकी संस्थेचा, सोहळा झाला. त्या रात्री बदललेल्या ड्रमरांचे तीन मासले एकाच छपराखाली होते. किस या बँडच्या नावाने सुरुवातीच्या चौघांनाच मान मिळाला. एरिक कार, ब्रूस क्युलिक वगैरे नंतर आलेली मंडळी बाहेर राहिली, आणि या वादापायी किसने त्या रात्री वाजवलंही नाही. ब्रूस स्प्रिंगस्टीनच्या ई स्ट्रीट बँडमधून व्हिनी लोपेझला सन्मान मिळाला. १९७३ चे दोन अल्बम वाजवून १९७४ च्या सुरुवातीला ज्याला नारळ मिळाला, तोच हा ड्रमर. आणि निर्वाणा या बँडचा आधीचा ड्रमर चॅड चॅनिंग? तो प्रेक्षकांत बसला होता. कर्ट कोबेन, क्रिस्ट नोव्होसेलिक आणि चॅनिंगनंतर आलेला ड्रमर डेव्ह ग्रोल एवढ्याच तिघांची नावं यादीत होती.

म्हणजे ड्रमरांपुरतं पाहिलं तर एका बँडचा फक्त सुरुवातीचा, दुसऱ्याचे सुरुवातीचा आणि नंतरचा दोन्ही, तिसऱ्याचा फक्त नंतरचा. गोंधळ वाटतो, आणि काही अंशी आहेच. पण त्याच्या मुळाशी दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ आहे. नाटकाच्या जाहिरातीत ‘मूळ संचात’ असं छापून येतं तेव्हा आपल्या डोळ्यांसमोर पुष्कळदा पहिल्या प्रयोगाचे नट नसतात, लोकांनी डोक्यावर घेतलेले नट असतात. बँडांचंही तसंच आहे. मूळ संच म्हणजे ज्यांनी सुरुवात केली ते. गाजलेला संच म्हणजे ज्यांच्या काळात नाव झालं ते. किसमध्ये हे दोन्ही एकच चौघे होते. १९७५-७६ च्या त्यांच्या गाजलेल्या रेकॉर्डही त्यांच्याच. त्यामुळे हॉलने मूळ पुरुषांची बूज राखली असा देखावा निर्माण झाला. प्रत्यक्षात संस्था बहुतेक वेळा गाजलेल्या संचाकडेच बघते. मतपत्रिकेवर नाव बँडचं असतं. त्या नावाखाली कोणती माणसं मोजायची, हे संस्था ठरवते.

हा फरक सर्वांत स्वच्छ दिसतो तो चॅनिंग आणि पर्ल जॅम बँडचा डेव्ह क्रूसन यांना शेजारी उभं केल्यावर. दोघे ड्रमर, दोघे सिएटलच्या एकाच लाटेतले, दोघांनी आपापल्या बँडच्या पहिल्या अल्बमवर वाजवलं, दोघांची जागा लगेच दुसऱ्याने घेतली. २०१७ मध्ये पर्ल जॅमसोबत क्रूसनला हॉलमध्ये घेतलं, आणि सोहळ्यात त्याने बँडबरोबर वाजवलंही. चॅनिंगला घेतलं नाही.

बँडमध्ये काढलेला काळ मोजला तर निकाल उलटा लागायला हवा होता. चॅनिंग १९८८ ते १९९० अशी सुमारे दोन वर्षं निर्वाणात होता. क्रूसन पर्ल जॅममध्ये वर्षभरही टिकला नाही. १९९० च्या अखेरीस आला, ‘टेन’ वाजवून झाल्यावर १९९१ च्या मे महिन्यात, अल्बम दुकानात येण्याच्याही आधी बाहेर पडला. पण तो ज्या अल्बमवर वाजला तो ‘टेन’ होता, ज्याने पर्ल जॅमला घराघरांत पोचवलं. चॅनिंगच्या वाट्याला आला ‘ब्लीच’: १९८९ चा, सब पॉप नावाच्या छोट्या कंपनीचा, ध्वनिमुद्रणाचा खर्च सहाशे डॉलरच्या आसपास. थोडक्यात, क्रूसन थोडा काळ का होईना, गाजलेल्या संचात होता आणि चॅनिंग मूळ संचात. (पुरता मूळही नव्हे, कारण निर्वाणात त्याच्याआधीही दोन-तीन ड्रमर येऊन गेले होते.)

इथे हॉलचा स्वतःचाच नियम हॉलच्या अंगावर येतो. पहिली रेकॉर्ड निघाल्यावर २५ वर्षांनी बँड सन्मानासाठी पात्र होतो. निर्वाणाची पहिली रेकॉर्ड म्हणजे नोव्हेंबर १९८८ चं ‘लव्ह बझ’ हे सिंगल. त्याच्यावर ड्रम कोण वाजवतंय? चॅनिंग. ती रेकॉर्ड होती म्हणून २०१४ ला बँडला आत येता आलं. ग्रोल आल्यानंतरच्या, बँडला गाजवणाऱ्या ‘नेव्हरमाइंड’ अल्बमपासून मोजलं असतं तर आणखी दोन-तीन वर्षं थांबावं लागलं असतं. घड्याळ त्याच्या काठ्यांनी सुरू केलं आणि वेळ भरल्यावर त्यालाच दारात उभं केलं. हा माझ्या मते त्या संस्थेचा सर्वांत न समर्थता येणारा निर्णय आहे.

आणि हे फक्त तारखांपुरतंही नाही. ‘नेव्हरमाइंड’वरच्या ‘पॉली’ गाण्यात जी झांज ऐकू येते ती चॅनिंगची आहे. १९९० मध्ये विस्कॉन्सिनच्या मॅडिसन शहरात निर्माता बूच व्हिगकडे झालेल्या ध्वनिमुद्रणातून ते गाणं जसंच्या तसं उचललं गेलं. ‘इन ब्लूम’ची ड्रमची रचनाही मुळात त्याचीच, ग्रोलने ती नंतर आपल्या ताकदीने वाजवली. हे कोणा नाराज चाहत्याचं म्हणणं नाही. त्या रात्री मंचावरून ग्रोलनेच चॅनिंगचं नाव घेऊन हे श्रेय दिलं.

मूळ असणं ही एकट्याने पात्रता नव्हे, हेही तितकंच खरं. बीटल्सचा आधीचा ड्रमर पीट बेस्ट याचं नाव निघालं की लोक हळवे होतात. ऑगस्ट १९६० ते ऑगस्ट १९६२ अशी दोन वर्षं, हॅम्बुर्गच्या क्लबांत रात्र-रात्र वाजवणं, आणि मग मॅनेजर ब्रायन एप्स्टाइनकडून एका सकाळी निरोप. लिव्हरपूलमध्ये त्याच्यासाठी घोषणा झाल्या. पण १९६२ ते १९७० मधल्या बीटल्सच्या अधिकृत अल्बमांवर त्याचा एक ठोका नाही. त्याच्या काळातली काही ध्वनिमुद्रणं १९९५ च्या ‘अँथॉलॉजी’ या संग्रहात आली आणि त्याचे पैसे त्याला मिळाले, ते योग्यच झालं. १९८८ मध्ये बीटल्स हॉलमध्ये गेले तेव्हा त्याचं नाव नव्हतं, आणि कठोर वाटलं तरी मला ते पटतं.

त्याच्या शेजारी इयन स्टुअर्ट ठेवा. रोलिंग स्टोन्सच्या अगदी पहिल्या माणसांपैकी हा पियानोवादक. १९६३ मध्ये मॅनेजर अँड्र्यू ओल्डहॅमला सहा जण जास्त वाटले, शिवाय स्टुअर्टचं रूपडं पोस्टरला शोभेना. त्याला संचातून काढलं. बेस्टइतकाच अपमान, वर्षही जवळपास तेच. पण स्टुअर्ट गेला नाही. गाडी हाकली, सामान लावलं आणि १९८५ मध्ये मृत्यू येईपर्यंत स्टोन्सच्या रेकॉर्डवर पियानो वाजवत राहिला. (मायनर सुरावटी त्याला आवडत नसत, तसलं गाणं आलं की तो सरळ नकार द्यायचा.) १९८९ मध्ये हॉलने त्याला स्टोन्ससोबत घेतलं.

या दोघांत फरक निष्ठेचा आहे असं म्हणायचा मोह होतो. मी तो टाळेन, कारण बेस्टला थांबायची संधी कोणी दिलीच नव्हती. फरक एवढाच की स्टुअर्टचं वाजवणं आजही स्टोन्सच्या रेकॉर्डमधून काढून टाकता येत नाही. माणूस बँडमध्ये कधी होता, किती दिवस होता, त्याला कोणी काढलं हे प्रश्न मागे ठेवून एवढंच विचारावं: तो गेल्यावर त्याचं काय उरलं?

मेटॅलिका बँडचा आधीचा गिटारवादक डेव्ह मस्टेन या कसोटीवर सहज उतरतो. १९८३ मध्ये पहिला अल्बम ध्वनिमुद्रित व्हायच्या आधीच त्याला काढलं, तरी त्या अल्बममधल्या चार गाण्यांच्या श्रेयनामावलीत त्याचं नाव आहे, दुसऱ्या अल्बममधल्याही दोन. मेटॅलिकाच्या २००९ च्या हॉलच्या यादीत तो नव्हता. रेड हॉट चिली पेपर्स बँडच्या पहिल्या अल्बमवर गिटार वाजवणारा जॅक शर्मनही २०१२ मध्ये वगळला गेला, आणि जेमतेम दोन-तीन वर्षांपूर्वी आलेला जॉश क्लिंगहॉफर मात्र आत गेला. हॉलला जागेची अडचण आहे म्हणावं, तर १९९४ मध्ये ग्रेटफुल डेड बँडचे गीतकारासह १२ जण एकदम घेतले होते.

कसोटी अवघड होते ती विल्यम गोल्डस्मिथपाशी. तो ग्रोलच्याच नंतरच्या फू फायटर्स बँडचा पहिला ड्रमर. १९९७ च्या ‘द कलर अँड द शेप’ अल्बमसाठी त्याने ड्रम वाजवले, पण ग्रोलने त्यातले बहुतेक स्वतः पुन्हा वाजवून घेतले आणि गोल्डस्मिथ निघून गेला. २०२१ मध्ये फू फायटर्स हॉलमध्ये गेले, गोल्डस्मिथशिवाय. मी त्याला आत घेणार नाही. त्याचं फार थोडं उरलं आहे. फक्त ते उरू न देणारा माणूस तोच, ज्याने सात वर्षांपूर्वी चॅनिंगचं श्रेय मंचावरून मोकळेपणाने सांगितलं होतं.