फाइल पोचली, पण बिघडून

फाइल आली, नाव तेच, पण प्रोग्रॅम काही सुरू होत नाही. टेलिफोनच्या तारेवरून मोडेमने फाइली धाडण्याच्या काळात हे दुखणं नेहमीचं होतं. संशय पहिल्यांदा जायचा तारेतल्या खरखरीवर.

पण खरखरीवर तोडगा लवकर निघाला होता. शिकागोच्या वॉर्ड क्रिस्टेन्सन यांनी १९७७ साली लिहिलेली, पुढे एक्समोडेम म्हणून ओळखली गेलेली पद्धत फाइलचे १२८ बाइटचे तुकडे पाडायची (बाइट म्हणजे ० ते २५५मधला एक आकडा). तुकड्यातल्या बाइटांची बेरीज करायची, तिला २५६ने भागायचं आणि उरलेली बाकी तुकड्याच्या शेपटीला जोडायची. पलीकडचा संगणक तोच हिशेब करणार. जुळला तर ‘मिळालं’, नाहीतर ‘पुन्हा पाठव’. यात एक भोक होतं. ४० आणि ९० यांची अदलाबदल झाली तरी बेरीज तीच! म्हणून पुढे सीआरसी हा तपासणीचा अधिक पक्का हिशेब आला. त्यात बाइटांचा क्रम बदलला की उत्तरही बदलतं.

एवढं होऊनही फाइली बिघडायच्याच, कारण खरे गुन्हेगार होते मदतीला धावणारे संगणक. युनिक्स या संगणक चालवणाऱ्या प्रणालीत ओळ संपल्याची खूण म्हणजे १० हा एक बाइट. डॉस या दुसऱ्या प्रणालीत तिथे १३ आणि १० अशी जोडी लागते. फाइल पाठवण्याच्या एफटीपी या पद्धतीत वेगळं सांगितलं नाही, तर फाइल म्हणजे मजकूर असंच धरलं जाई. मग डॉसकडे जाताना प्रत्येक १०च्या आधी १३ घुसवला जायचा. पत्रासाठी हे सोयीचं, पण जागा वाचवायला आवळलेल्या फाइलमध्ये १० हा निव्वळ एक आकडा असतो, आणि साधारण २५६ बाइटांत एकदा येतोच. म्हणजे ६४ केबीची फाइल २५६ बाइटांच्या आसपास फुगणार.

म्हणून जाणकार आधी आकार बघायचे. अशी फुगलेली फाइल वाचवता येते: प्रत्येक १०च्या आधीचा एक १३ काढला की झालं. उलट दिशेने जोडीतले १३ खाल्ले गेले असतील, तर मात्र ते कुठे होते हे कळायला मार्ग नाही. फाइल थोडीशीच वाढलीय आणि शेवटी २६ची रांग आहे? मग काळजी नको. शेवटचा तुकडा १२८चा भरावा म्हणून एक्समोडेमने घातलेली ती भरती.

आकार अगदी बरोबर, तरी आत कचरा, हे सगळ्यात वाईट. बाइट आठ बिटांचा, म्हणजे ० किंवा १ अशा आठ खुणांचा असतो, पण काही मार्ग त्यातले सातच नेत. आठवा गळला की १२८पासून पुढच्या प्रत्येक आकड्यातून १२८ वजा. इस्की या भारतीय लिप्यांच्या संकेतपद्धतीतले देवनागरीचे संकेत नेमके त्याच वरच्या मजल्यावर राहतात: ‘क’ म्हणजे १७९. तो पलीकडे ५१ होऊन उतरतो, म्हणजे इंग्रजी आकडा तीन. कोलंबिया विद्यापीठात १९८१मध्ये जन्मलेल्या करमिट या फाइल धाडण्याच्या पद्धतीने यावर वेषांतराची युक्ती काढली: अडचणीचे बाइट साध्या अक्षरांच्या रूपात धाडायचे.

पीएनजी हा चित्रांच्या फाइलचा प्रकार घडवणाऱ्यांनी हा सगळा इतिहास लक्षात ठेवला. मला ही त्यांची फार सुंदर चलाखी वाटते. अशा प्रत्येक चित्राच्या फाइलची सुरुवात याच आठ बाइटांनी होते: १३७, ८०, ७८, ७१, १३, १०, २६, १०. मधले ८०, ७८, ७१ म्हणजे P, N, G हे नाव. १३-१०ची जोडी तुटली किंवा शेवटच्या एकट्या १०ला १३ चिकटला, की ओळींची अदलाबदल उघडी पडते. २६ दिसताच डॉसची फाइल दाखवणारी आज्ञा थांबते, पडद्यावर कचरा सांडत नाही. आणि पहिला बाइट १३७ऐवजी ९ निघाला, तर आठवा बिट वाटेत गळलेला असतो.